देवदूतांच्या छातीवरचा बिल्ला

लंडनच्या नॅशनल गॅलरीत चौदाव्या शतकाच्या अखेरीस रंगवलेले एक लहानसे जोडचित्र आहे. ओकच्या दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडलेल्या असून एकेक फळी सुमारे 53 सेंटिमीटर उंच आणि 37 सेंटिमीटर रुंद आहे. मिटून सामानात घालून नेता यावा आणि मुक्कामावर उघडून प्रार्थनेसाठी मांडता यावा, असा हा इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डचा प्रवासी देव्हारा. विल्टन हाउस या वाड्यात तो दोन शतकांहून अधिक काळ राहिला, म्हणून त्याला ‘विल्टन जोडचित्र’ म्हणतात. चित्रकार कोण होता, तो इंग्रज होता की फ्रेंच की आणखी कुठला, यावर अभ्यासकांचे एकमत नाही, आणि चित्रासमोर उभे असताना तो प्रश्न मला फारसा छळतही नाही. मला छळते ती एक वेगळीच गोष्ट.

डाव्या फळीवर तरुण राजा गुडघे टेकून बसला आहे आणि त्याच्या मागे तीन संत उभे आहेत. उजव्या फळीवर कुमारी मेरी बाळ येशूला कडेवर घेऊन उभी आहे आणि तिच्याभोवती अकरा देवदूतांची दाटी आहे. त्यांच्या माथ्यावर गुलाबांच्या माळा आहेत, पंख उंच उभारलेले आहेत, कुणी हाताची घडी घातली आहे, कुणी शेजाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आहे. आणि या अकराही देवदूतांच्या निळ्या झग्यांवर, छातीच्या एका बाजूला, एकेक बिल्ला लावलेला आहे: बसलेला पांढरा हरिण, गळ्यात मुकुटाचा पट्टा आणि त्याला सोन्याची साखळी. ही रिचर्डची स्वतःची खूण. राजाच्या नोकरचाकरांनी, पाठीराख्यांनी आणि शिपायांनी मिरवायची खूण स्वर्गातल्या देवदूतांनी छातीवर लावली आहे. भक्तीच्या चित्रात भक्ताने देवाच्या खुणा अंगावर घ्याव्यात ही रीत सगळीकडे दिसते. इथे देवाच्या परिवारानेच भक्ताची चाकरी पत्करलेली आहे. ही लीनता आहे की उद्दामपणा, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि माझ्या मते रिचर्डलाही ते कधी वेगळे करता आले नसावे.

या बिल्ल्याचे त्या काळी काय वजन होते हे कळल्याशिवाय चित्र नुसते देखणे वाटते. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधला प्रत्येक बडा सरदार आपल्या माणसांना आपली खूण वाटत असे. ती अंगावर असलेला माणूस गावात मुजोरी करू शके, कारण त्याच्यावर फिर्याद करणे म्हणजे त्याच्या धन्याशी वैर घेणे; पंचांना दमदाटी होई, खटले फिरत. 1388 मध्ये केंब्रिजला भरलेल्या संसदेत सामान्यांच्या प्रतिनिधींनी हे बिल्ले बंद करा अशी मागणी केली. सरदार आपले सोडणार असतील तर मीही माझे सोडतो, असे रिचर्ड म्हणाला. सरदार कबूल झाले नाहीत. 1390 च्या मे महिन्यात बिल्ल्यांवर निर्बंध घालणारा हुकूम निघाला आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात स्मिथफील्डला मोठे सामने भरवून रिचर्डने स्वतःचा पांढरा हरिण वाटायला सुरुवात केली. पुढे चेशायरचे धनुर्धारी त्याचे अंगरक्षक झाले, तेव्हा हा बिल्ला लोकांना चांगलाच परिचयाचा झाला. हे लोक राजाशी सलगीने वागत. ‘डिकन (रिचर्डचे घरगुती नाव), आम्ही जागे आहोत तोवर तू निर्धास्त झोप,’ असे ते राजाला म्हणत, हे एका बखरकाराने तिरस्काराने नोंदवून ठेवले आहे.

तेव्हा ज्या बिल्ल्याबद्दल संसद तक्रार करत होती, तोच बिल्ला त्याच दशकात, बहुधा 1395 ते 1399 च्या दरम्यान, एका निष्णात कारागिराने देवदूतांच्या अंगावर बारकाईने रंगवला. राजाच्या अंगावरच्या बिल्ल्यातील हरणाच्या शिंगांना मोती जडवलेले आहेत. ते दाखवण्यासाठी पांढऱ्या रंगाचे इवलेसे उंचवटे केले आहेत, इतके इवलेसे की काचेला नाक लावल्याखेरीज दिसत नाहीत. हा देव्हारा राजाच्या खासगी उपासनेचा. तो संसदेला दाखवण्यासाठी केलेला नव्हता. म्हणजे यात प्रचाराचा हेतू गौण आहे. मनातल्या मनात, देवासमोर एकटा असताना, रिचर्ड स्वतःला कसा पाहत होता हे इथे दिसते. एखाद्या माणसाच्या जाहीर भाषणापेक्षा त्याची प्रार्थना ऐकायला मिळावी, असा हा दुर्मीळ प्रकार आहे.

रिचर्डचा जन्म 6 जानेवारी 1367 रोजी बोर्दो येथे झाला. ख्रिस्ती परंपरेत हा दिवस तीन राजांनी बाळ येशूचे दर्शन घेतल्याचा सण. चित्रात राजाच्या मागे उभे असलेले दोन संतही राजेच आहेत: हातात बाण घेतलेला एडमंड, ज्याला 869 मध्ये डेन लोकांनी मारले, आणि हातात अंगठी धरलेला एडवर्ड द कन्फेसर. तिसरा बाप्तिस्मा देणारा योहान, कोकराला कुशीत घेतलेला. म्हणजे गुडघे टेकलेला रिचर्ड आणि त्याचे दोन पूर्वसूरी मिळून बाळाच्या भेटीला आलेले तीन राजे पुरे होतात. देवदूत अकरा का, याचेही एक उत्तर सुचवले गेले आहे: 16 जुलै 1377 रोजी राज्याभिषेक झाला तेव्हा त्याला अकरावे वर्ष चालू होते. चित्र रंगवले गेले त्या वेळी राजाने तिशी गाठलेली किंवा गाठत आणलेली होती, पण चेहरा मात्र दाढीमिशी न फुटलेल्या पोरसवदा मुलाचा आहे. अभिषेकाच्या दिवशी ज्या मुलाच्या अंगाला पवित्र तेल लागले, तोच हा मुलगा. मधली वीस वर्षे जणू झालीच नाहीत.

त्या वर्षांत जे झाले ते विसरावेसेच होते. चौदा वर्षांचा असताना, जून 1381 मध्ये, त्याने शेतकऱ्यांच्या उठावाला तोंड दिले. 1388 मध्ये पाच सरदारांनी संसदेकरवी त्याच्या जवळच्या माणसांना फासावर किंवा शिरच्छेदाला पाठवले. ती ‘निर्दय संसद’ म्हणूनच इतिहासात ओळखली जाते, आणि एकवीस वर्षांच्या राजाला काहीही करता आले नाही. हे जोडचित्र त्या अपमानानंतरचे आहे, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा बजावतो.

दोन्ही फळ्यांतली जमीनही सारखी नाही. राजाच्या बाजूला ओसाड खडकाळ भुई आणि मागे रानाची कडा. मेरीच्या बाजूला फुलांनी भरलेली हिरवळ. मधली बिजागरी हीच सीमा. राजाचे हात जोडलेले नाहीत. ते किंचित उघडे आहेत, काहीतरी घेण्यासाठी किंवा नुकतेच देऊन झाल्यासारखे. समोर एका देवदूताच्या हातात पांढऱ्यावर लाल क्रूस असलेले निशाण आहे. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चित्राची तपासणी करताना त्या निशाणाच्या काठीवरचा गोल साफ केला गेला, तेव्हा जेमतेम एक सेंटिमीटर व्यासाच्या त्या गोलात एक हिरवे बेट दिसले: बेटावर पांढरा किल्ला, झाडे, आणि भोवतालच्या समुद्रात शिडाचे जहाज. समुद्र चांदीच्या वर्खाचा होता, तो आता काळवंडला आहे. इंग्लंड हा मेरीचा हुंडा, स्त्रीधन, अशी समजूत त्या काळी रूढ होती. रिचर्ड आणि त्याची राणी मेरीला इंग्लंड अर्पण करत आहेत असे एक चित्र रोममध्ये होते, ते आता हरवले आहे. त्यामुळे या जोडचित्रात राजाने बेट अर्पण केले आणि आता ते राज्य करण्यासाठी त्याला परत मिळत आहे, असा अर्थ लावला जातो. मला तो पटतो, कारण त्यात रिचर्डच्या राजकारणाचे सगळे मर्म आहे. राज्य जर स्वर्गातून परत मिळालेले असेल, तर त्याचा हिशेब वेस्टमिन्स्टरमधल्या सरदारांना कशासाठी द्यायचा?

निळ्या रंगाबद्दल थोडे विषयांतर. मेरीचा आणि देवदूतांचा निळा लाजवर्दाचा आहे, आणि त्या काळी युरोपात येणारा लाजवर्द अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई. अजिंठ्याच्या भिंतींवरच्या निळ्यासाठीही लाजवर्दच वापरला गेला, जवळजवळ नऊशे वर्षे आधी. वाकाटकांच्या लेण्यात आणि प्लँटॅजनेट राजाच्या देव्हाऱ्यात हा एवढा एक दगड सामाईक असावा, याचा मला उगाचच आनंद होतो.

गॅलरीत हे चित्र भिंतीला टांगलेले नसून मोकळ्या जागेतल्या काचपेटीत उभे आहे, म्हणून त्याच्या मागे जाता येते, आणि जावेच. मिटल्यावर बाहेर येणाऱ्या या बाजू प्रवासात घासल्या गेल्या आहेत. एकीवर राजचिन्हांची ढाल आहे, जिच्यात इंग्लंड-फ्रान्सच्या खुणांशेजारी एडवर्ड द कन्फेसरच्या खुणा जोडल्या आहेत. तीनशे वर्षांपूर्वी मेलेल्या संताशी आपली चिन्हे रिचर्डने 1395 च्या सुमारास, एखाद्याने लग्नानंतर पत्नीच्या घराण्याची जोडावीत तशी, जोडून घेतली होती. दुसरीवर पुन्हा तोच पांढरा हरिण, पण इथे तो मोठा आहे, आणि तो रोझमेरीच्या झुडपांत बसला आहे. रोझमेरी ही राणी ॲनची खूण मानली जाते. 7 जून 1394 रोजी ती प्लेगने गेली होती.

ॲन बोहेमियाची राजकन्या. 1382 मध्ये दोघांचे लग्न झाले तेव्हा दोघेही पंधरा वर्षांचे होते आणि या लग्नाने हुंडा न आणता उलट खर्चच आणला, अशी इंग्रज बखरकारांची कुरकुर होती. ती शीनच्या ज्या वाड्यात वारली, तो वाडा रिचर्डने पाडायला लावला. तिच्या अंत्यविधीला अरुंडेलचा अर्ल उशिरा आला आणि लवकर निघायची परवानगी मागू लागला, तेव्हा राजाने त्याला चर्चमध्येच रक्त निघेपर्यंत मारले. 1388 च्या पाच सरदारांतला हा एक. तीन वर्षांनी रिचर्डने त्याचा शिरच्छेद करवला. दुःख आणि सूड या माणसात शेजारी शेजारी राहत.

तिच्यासाठी आणि स्वतःसाठी त्याने वेस्टमिन्स्टर ॲबीत कन्फेसरच्या समाधीजवळ दुहेरी थडगे बांधवले. एप्रिल 1395 मधले त्याचे करार शिल्लक आहेत. संगमरवराचे काम हेन्री येव्हेल आणि स्टीफन लोट या गवंड्यांकडे, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या मूर्ती घडवण्याचे काम निकोलस ब्रोकर आणि गॉडफ्री प्रेस्ट या लंडनच्या तांबटांकडे. राजा-राणीच्या शेजारी शेजारी पहुडलेल्या मूर्ती इंग्लंडच्या राजघराण्यात त्याआधी कोणी करवल्या नव्हत्या. दोघांच्या डोक्यावर मुकुट असावेत आणि दोघांचे उजवे हात एकमेकांत गुंफलेले असावेत, असे करारातच लिहिले होते. तांबटांनी तसे केले. झग्यांवर टोचणीच्या बारीक ठिपक्यांनी हरिण, शेंगा आणि दोघांच्या नावांची आद्याक्षरे कोरली. पुढच्या शतकांत कुणीतरी ते हात काढून नेले, त्यामुळे आज मनगटांपाशी बाह्या संपतात आणि पुढे काहीच नाही. थडग्याला भोके पडली होती, त्यांतून हात घालून शाळकरी पोरे हाडे काढत. राजाचा जबडा 1766 मध्ये असाच एका विद्यार्थ्याने पळवला आणि तो 1906 मध्ये परत आला. अशा गोष्टी वाचल्या की इतिहासाच्या गांभीर्यावरचा माझा विश्वास थोडा डळमळतो, पण इतिहासावरची माया वाढते.

मूर्तीचा चेहरा मात्र पाहण्यासारखा आहे. हनुवटीवर दोन छोटे केसांचे झुपके, लांबट नाक, जड पापण्या. हा पोरगेला चेहरा नाही. मूर्ती घडली तेव्हा राजा जिवंत होता आणि कारागिरांच्या गावातच वावरत होता, त्यामुळे यात काही साधर्म्य असणार असे मानायला जागा आहे. 1871 मध्ये थडगे उघडले तेव्हा सांगाडा सुमारे सहा फूट उंचीच्या माणसाचा निघाला. थडग्यावरच्या लॅटिन लेखात त्याला देहाने उंच आणि होमरसारखा सुज्ञ म्हटले आहे. उंचीबद्दलचे विधान तरी खरे ठरले.

त्याच चर्चमध्ये, पश्चिमेच्या महाद्वाराजवळ, त्याचे तिसरे रूप आहे आणि मला ते सगळ्यात अस्वस्थ करते. हे सिंहासनावर बसलेल्या राजाचे फळीवरचे मोठे चित्र: उंची दोन मीटरांहून अधिक, म्हणजे बसलेला राजा जवळजवळ खऱ्या मापाचा. इंग्लंडच्या राजाचे त्याच्या हयातीत काढलेले जे सर्वांत जुने मोठे व्यक्तिचित्र शिल्लक आहे, ते हेच. डोक्यावर मुकुट, एका हातात राजदंड, दुसऱ्यात गोल, आणि चेहरा बरोबर समोर वळलेला. त्या काळच्या युरोपात माणसांचे चेहरे बाजूने किंवा तीनचतुर्थांश वळवून रंगवत. असा थेट समोरून चेहरा ख्रिस्ताच्या चित्रासाठी राखलेला असे. अंगावरच्या वस्त्रात त्याच्या नावाचे आद्याक्षर मुकुटासह पुन्हा पुन्हा विणले आहे. चित्रावर अनेकदा हात फिरले. अठराव्या शतकात त्याचे पुष्कळसे पुनर्रंगण झाले आणि 1866 मध्ये व्हिक्टोरियन तज्ज्ञांनी वरचे थर खरवडून काढताना मागच्या सोनेरी पार्श्वभूमीवरची उठावाची मूळ नक्षीही काढून टाकली. तेव्हा आज आपण जे पाहतो ते रिचर्डच्या चित्रकाराचे किती आणि नंतरच्यांचे किती, हा वाद आहेच. नजर मात्र सगळ्यांच्या हाताखालून टिकून राहिली आहे.

या नजरेचे वर्णन एका समकालीन बखरीत सापडते. सणाच्या दिवशी राजा दालनात सिंहासन मांडायला लावी आणि जेवण झाल्यापासून सायंप्रार्थनेपर्यंत त्यावर बसून राही; कुणाशी बोलत नसे, फक्त सगळ्यांकडे पाहत असे, आणि ज्याच्यावर त्याची दृष्टी पडेल त्याने, तो कोणत्याही दर्जाचा असो, गुडघा टेकायचा. हे लिहिणारा राजाचा हितचिंतक नव्हता, त्यामुळे थोडे तिखटमीठ लावलेले असू शकते. तरी त्या चित्रासमोर उभे राहिले की दालनातली ती दुपार कळते. जोडचित्रात रिचर्ड गुडघे टेकतो आणि इथे गुडघे टेकायची पाळी बघणाऱ्याची आहे. माझ्या दृष्टीने ही दोन चित्रे एकाच वाक्याचे दोन भाग आहेत. त्याच्यावर पुढे ठेवलेल्या 33 आरोपांपैकी एक असा होता की, देशाचे कायदे माझ्या तोंडात आहेत किंवा माझ्या छातीत आहेत, असे तो म्हणत असे. त्याने ते खरोखर उच्चारले असो वा नसो, या चित्रातला राजा ते म्हणतो आहे यात शंका नाही.

ॲबीच्या समोरच वेस्टमिन्स्टर हॉल आहे. 1393 पासून रिचर्डने त्याचे नूतनीकरण काढले. सुमारे 21 मीटर रुंदीचे छत मधे एकही खांब न देता लाकडात तोलून धरण्याचा पराक्रम ह्यू हर्लंड या सुताराने केला. तुळयांच्या टोकांना ओकचे देवदूत कोरले आहेत आणि प्रत्येकाच्या हातात राजाची ढाल आहे. भिंतीवर कंबरपट्ट्यासारखी दगडी नक्षी फिरते आणि तिच्यात पांढरे हरिण पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे सामानात मावणाऱ्या देव्हाऱ्यातला विचारच इथे राज्याच्या मुख्य दालनाएवढा केला आहे. काम चालू असल्यामुळे सप्टेंबर 1397 ची संसद बाहेर अंगणात उभारलेल्या तात्पुरत्या मांडवात भरली, आणि तिला चेशायरच्या धनुर्धाऱ्यांचा वेढा होता. एकदा गडबड वाटताच त्यांनी धनुष्ये ताणली. त्याच अधिवेशनात अरुंडेलला मृत्युदंड झाला. पुढे फारसे लांबवायला नको: 1398 मध्ये रिचर्डने चुलतभाऊ हेन्री बोलिंगब्रोकला हद्दपार केले, 1399 मध्ये त्याचा बाप वारताच वारसाहक्काची मालमत्ता जप्त केली आणि स्वतः आयर्लंडच्या मोहिमेवर गेला. हेन्री परतला. ऑगस्टमध्ये फ्लिंटच्या किल्ल्यात रिचर्ड त्याच्या हाती लागला. 30 सप्टेंबर 1399 रोजी त्याला पदच्युत करणारी सभा भरली ती वेस्टमिन्स्टर हॉलमध्येच, त्याने स्वतः उभारलेल्या देवदूतांच्या खाली.

आतापर्यंतच्या साऱ्या कलाकृती रिचर्डच्या इच्छेतून झालेल्या. त्यांत कोणी हलत नाही, कोणी घाई करत नाही, आणि प्रजा तर कुठेच दिसत नाही. प्रजा पाहायची तर दुसऱ्यांनी काढलेली चित्रे पाहावी लागतात. फ्रुआसार या त्या काळच्या बखरकाराच्या बखरीची एक सचित्र हस्तलिखित प्रत, जी आता ब्रिटिश लायब्ररीत आहे, उठावानंतर सुमारे 100 वर्षांनी फ्लँडर्समध्ये तयार झाली. तिच्यातल्या 1381 च्या चित्रात रिचर्ड एकाच चौकटीत दोनदा आहे: एकीकडे बंडखोरांचा नेता वॉट टायलर मारला जात असताना पाहणारा, दुसरीकडे घोडा पुढे घालून बंडखोरांशी बोलणारा. चौदा वर्षांच्या पोराने नेता पडताच जमावाला सामोरे जाऊन मीच तुमचा पुढारी म्हणावे, या क्षणाचे धैर्य एका आकृतीत मावले नाही, म्हणून चित्रकाराने दोन काढल्या. मात्र शेतकरी पाहून हसू येते. केंट आणि एसेक्सचे हे कुणबी नखशिखान्त पोलादी चिलखतात, ओळीने, शिस्तीत उभे आहेत. श्रीमंत गिऱ्हाइकासाठी काम करणाऱ्या त्या चित्रकाराला सैन्य काढता येत होते. उपाशी, चिडलेली गर्दी कशी दिसते हे त्याला बहुधा ठाऊक नव्हते किंवा ते काढायचे नव्हते.

या सगळ्याहून मला जवळचे वाटते ते ज्याँ क्रेतोंचे हस्तलिखित. क्रेतों हा फ्रेंच दरबारातला माणूस. 1399 च्या आयर्लंड मोहिमेत तो रिचर्डबरोबर होता आणि राजाचा पाडाव त्याने डोळ्यांनी पाहिला. परत गेल्यावर त्याने तो प्रामुख्याने पद्यात लिहून काढला आणि पॅरिसमध्ये थोड्याच वर्षांत त्याची 16 लघुचित्रांची प्रत तयार झाली. त्यात आयरिश सरदार मॅकमरो रानातून घोडा फेकत येतो. त्या घोड्याची किंमत 400 गायी होती, हे क्रेतों आवर्जून सांगतो. नॉर्थम्बरलँडचा अर्ल पवित्र भाकरीवर हात ठेवून खोटी शपथ वाहतो. आणि संसदेच्या चित्रात मधोमध सिंहासन आहे, भरजरी वस्त्राने आच्छादलेले आणि रिकामे. भोवती धर्मगुरू आणि सरदार दाटीने बसले आहेत आणि आता तिथे कोण बसणार हे सर्वांना माहीत आहे. ॲबीतल्या भल्यामोठ्या चित्रात राजाने भरून टाकलेली जागा इथे बोटभर उंचीच्या चौकटीत मोकळी झाली.

क्रेतोंनेच एका गॅस्कन शिलेदाराची हकिगत सांगितली आहे. जेनिको त्याचे नाव. रिचर्ड कैद झाल्यावर त्याच्या माणसांनी भराभर बिल्ले उतरवले, पण हा उतरवीना. हेन्रीने विचारले, धमकावले, शेवटी चेस्टरच्या किल्ल्यात कोंडले. पांढरा हरिण छातीवर ठेवणारा तो शेवटचा, असे क्रेतों म्हणतो. पुढे हाच जेनिको हेन्रीच्या चाकरीत शिरला आणि आयर्लंडमध्ये दीर्घकाळ चांगली सेवा करून राहिला. नव्या राजाच्या पहिल्याच संसदेने सरदारांच्या बिल्ल्यांवर बंदी आणली. शिसे-कथिलाचे, चौदाव्या शतकातले असे हरणाचे बिल्ले आज लंडनच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात. स्वस्तातले, ओबडधोबड, देवदूतांच्या बिल्ल्यांशी तुलनाच नको. इंग्लंडभर खाणावळींच्या पाट्यांवर मात्र तो हरिण अजून बसलेला असतो, आणि टॉटनमचे जुने मैदान ‘व्हाइट हार्ट लेन’, म्हणजे पांढऱ्या हरणाची गल्ली, माहीत असलेल्या आपल्याकडच्या फुटबॉलवेड्यांनी त्याचे नाव नकळत हजारदा घेतले आहे.

फेब्रुवारी 1400 मध्ये पाँटिफ्रॅक्टच्या किल्ल्यात रिचर्ड मेला, बहुधा उपासमारीने. देह शिशात गुंडाळला, पण कपाळापासून गळ्यापर्यंतचा चेहरा उघडा ठेवला आणि तो वाटेतल्या गावोगावी दाखवत लंडनला आणला, म्हणजे लोकांनी मेल्याची खात्री करून घ्यावी. आपल्या चेहऱ्याची इतकी निगा राखणाऱ्या राजाचे हे शेवटचे प्रदर्शन शत्रूने मांडले, आणि तेही फसले. राजा स्कॉटलंडमध्ये जिवंत आहे ही अफवा वर्षानुवर्षे चालली. त्याला किंग्ज लँगली येथे गाजावाजा न करता पुरले होते. 1413 मध्ये हेन्रीचा मुलगा पाचवा हेन्री गादीवर आला तेव्हा त्याने देह वेस्टमिन्स्टरला आणून ॲनच्या शेजारी ठेवला, रिचर्डने करवून ठेवलेल्या मूर्तीखाली.

इंग्लंडमधल्या धर्मसुधारणेच्या काळात देवादिकांची चित्रे हजारोंनी फोडली, जाळली गेली, त्यातून हा लाकडी देव्हारा कसा वाचला हे आश्चर्यच. 1639 मध्ये तो पहिल्या चार्ल्सच्या संग्रहात होता. त्या वर्षीच्या यादीत त्याची नोंद आहे. चार्ल्सही राजाचा अधिकार थेट देवाकडून येतो असे मानणारा, आणि अकरा देवदूतांना दुसऱ्या राजाचा बिल्ला लावलेला पाहून त्याला काय वाटले असेल, याचा मी अनेकदा विचार करतो. जानेवारी 1649 मध्ये चार्ल्सवर खटला चालला तो त्याच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, हर्लंडच्या छताखाली. तुम्हाला माझा न्याय करण्याचा अधिकार कुणी दिला, असे त्याने न्यायाधीशांना दिवसेंदिवस विचारले. रिचर्डला ते विचारता आले नव्हते. त्याच्यावरचे आरोप या हॉलमधल्या सभेपुढे मांडले जात होते, तेव्हा त्याला टॉवर ऑफ लंडनमधल्या कैदेतून आणलेच नव्हते.